पान नंबर सांगा

पुण्यातली सगळ्यात परखड पुस्तक-परीक्षणं छापून येत नाहीत. ती पेठांमधल्या लायब्ररींच्या पुस्तकांत पेन्सिलीनं लिहिलेली असतात, मागं तारखांचा कागद चिकटवलेला असतो त्याच्या आसपास. ‘रटाळ.’ ‘पहिली शंभर पानं सोडून वाचा.’ त्याखाली वेगळ्या अक्षरात, ‘मग पुस्तक नेता कशाला?’ एका रहस्यकथेच्या बाराव्या पानावर कुणीतरी खुन्याचं नाव लिहून ठेवलेलं मी पाहिलंय, शिवाय खाली दुहेरी रेघ. काउंटरवरच्या बाई वैतागून खोडरबर घेऊन बसायच्या.

लायब्ररीचं पुस्तक रंगवणं वाईटच. पण या मंडळींना लेखकाची मर्जी सांभाळायची नव्हती की प्रकाशन समारंभात स्टेजवर बसायचं नव्हतं. छापील परीक्षणांत हा मोकळेपणा आता क्वचितच दिसतो. तिथं मुखपृष्ठ ‘बोलकं’ असतं, भाषा ‘ओघवती’ आणि पुस्तक हटकून ‘संग्रही असावं असं’. मलपृष्ठावरचा मजकूर थोडा फिरवून लिहिला की काम झालं.

पुण्याची ही मूळची सवय नव्हे. १८४८ साली इथं नेटिव्ह जनरल लायब्ररी निघाली, तेच आजचं पुणे नगर वाचन मंदिर. तिच्या स्थापनेत लोकहितवादींचा पुढाकार होता, आणि त्याच वर्षी त्यांची शतपत्रं ‘प्रभाकर’मध्ये यायला लागली. पुढं १८७४ मध्ये विष्णुशास्त्री चिपळूणकरांनी निबंधमाला सुरू केली आणि लोकहितवादींच्या लेखनाची सालटी काढली. माझ्या मते शास्त्रीबुवांचा तिथं तोल गेला. शतपत्रांतलं दुखणं त्यांना ऐकूनच घ्यायचं नव्हतं. पण वाचन कसं करावं, ग्रंथावर टीका कशी करावी, यावर याच मालेत त्यांनी स्वतंत्र निबंध लिहिले. शिवाय त्यांनी पुण्यात किताबखाना नावाचं पुस्तकांचं दुकानही काढलं होतं. टीका करणारा माणूस पुस्तकं विकतही होता, हे मला फार आवडतं. वयाची बत्तिशीही गाठायच्या आत, १८८२ मध्ये ते गेले.

माझी वाचनवही म्हणजे साधी दोनशेपानी. पुस्तकात खूण म्हणून पाठकोरा कागद घालते आणि वाचता वाचता त्यावरच पान नंबर नि दोन शब्द टाकते. ‘४७, संवाद खोटा.’ ‘११२, इथं हसले.’ पुस्तक संपलं की दुसऱ्या दिवशीच्या आत वहीत उतरवायचं. आठवडा गेला की फक्त ‘बरं होतं’ एवढंच उरतं. गोष्ट लिहून काढत नाही, ती पुस्तकात आहेच. लेखकाला काय करायचं होतं, ते जमलं का, मी कुठं अडले, हे लिहिते. आणि एक तरी तक्रार. अगदी जीव टाकावा अशा पुस्तकाबद्दलसुद्धा. शेवटी पुस्तक कुठून आणलं ते, म्हणजे अप्पा बळवंत चौकातून नवं, की अलका टॉकीजजवळच्या फुटपाथवरून जुनं. कुणाला वाचायला दिलं, हेही लिहावंच लागतं. पुण्यात पुस्तक परत मागायला पुरावा लागतो.

नोंदीवरची तारीख मात्र चुकवायची नाही. ‘कोसला’ १९६३ मध्ये पुण्याच्याच देशमुख आणि कंपनीनं काढली. खानदेशातल्या खेड्यातून पांडुरंग सांगवीकर इथं कॉलेजला येतो. मी कॉलेजात असतानाची माझी नोंद होस्टेल, मेस आणि त्याची उधळपट्टी यांनीच भरलेली आहे. भाषेवर तर मी लट्टूच होते. साठीच्या आसपास पुन्हा वाचली, तेव्हाच्या नोंदीत होस्टेल दोन ओळींत आटोपलंय. धाकटी बहीण मनी देवीनं जाते, त्या पानांपाशी मात्र मी थांबले आणि त्या दिवशी पुढं वाचलं नाही. दोन्ही नोंदी खऱ्या आहेत. पहिली कॉलेजातल्या मुलीच्या उपयोगाची, दुसरी तिच्या आईच्या.

सतीश काळसेकरांच्या ‘वाचणाऱ्याची रोजनिशी’ला २०१३ चा साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला. निरंजन घाटे यांनी ‘वाचत सुटलो त्याची गोष्ट’ लिहिली. गोविंद तळवलकरांचं ‘वाचता वाचता’ आहेच. वाचणाऱ्यांच्या पुस्तकांची आपल्याकडे वाण नाही. पण ही सगळी लिहिणारी माणसं. लायब्ररीत संध्याकाळी पिशवी घेऊन येणाऱ्या हजारोंनी काय वाचलं आणि त्यांना ते कसं वाटलं, याची नोंद कुठंच नाही.

माणसं म्हणतात, ‘आम्हाला समीक्षा कुठं येते?’ येऊ नये तीच बरी. ‘आकृतिबंध’, ‘अवकाश’, ‘व्यामिश्र’ असल्या शब्दांना घाबरूनच निम्मे वाचक गप्प बसलेत. भाजीवाल्यापाशी आपण मेथी कोवळी आहे की जून ते बिनदिक्कत सांगतोच की! पाचशे रुपयांच्या पुस्तकापुढं भिडस्त व्हायचं काय कारण? न आवडलेलं पुस्तक अर्ध्यात ठेवलंत तरी हरकत नाही, फक्त कितव्या पानावर ठेवलंत तेवढं लिहून ठेवा.

डिसेंबरात फर्ग्युसनवर पुस्तक महोत्सव भरतो. २०२३ पासूनची ही गर्दी मी पाहतेय, आणि पिशव्या भरून नेणारे पाहून बरं वाटतं. यंदा त्या पिशवीत एक वहीही टाका. आणि कुणी विचारलं, ‘पुस्तक कसं वाटलं?’, तर ‘छान’ म्हणून सुटू नका. पान नंबर सांगा.