उन्हात मोबाईल का दिसत नाही?

गेल्या ऑक्टोबरमधली गोष्ट. दुपारचं प्रॅक्टिकल चालू असताना बाबांचा फोन आला. "अरे, दुकानदाराने औषधाचं प्रमाण पाठवलंय. दहा लिटरला पंचवीस मिली जरा जास्त नाही वाटत?" मेसेज मला फॉरवर्ड करायला लावला. त्यात होतं २.५ मिली! शेतात उन्हात उभं राहून वाचताना मधला टिंब गायबच झाला होता. विचारलं म्हणून बरं, नाहीतर दहापट औषध पडलं असतं.

तेव्हापासून हा विषय डोक्यात बसला. दिवाळीनंतर बाबांचा जुना मोबाईल हॉस्टेलवर आणला, रूममेटचा अमोलेडवाला घेतला, वॉचमनकाकांचा बटणवाला नोकिया ११०० मागून घेतला आणि तिन्ही घेऊन भर दुपारी गच्चीवर गेलो.

मंडळी, आधी थोडं गणित (घाबरू नका, व्हायवा नाही!). आपल्या रूममध्ये ३०० ते ५०० लक्स उजेड असतो, तर भर उन्हात सुमारे १,००,००० लक्स. काचेच्या प्रत्येक पृष्ठभागावरून साधारण ४ टक्के प्रकाश परत फिरतो. बाबांच्या मोबाईलमध्ये वरची काच आणि आतला एलसीडी यांच्यामध्ये हवेची फट आहे. म्हणजे पृष्ठभाग झाले तीन आणि परावर्तन जवळपास १२ टक्के. काच एलसीडीला चिकटवून फट बुजवली (याला लॅमिनेशन म्हणतात) की आकडा ४ च्या आसपास येतो. २०१० च्या आयफोन ४ मध्ये हीच युक्ती होती.

आता गंमत बघा. काचेत दिसतं ते काय? आपणच! उन्हातला पांढरा शर्ट साधारण २०,००० निट इतका झळकतो. त्याचे ४ टक्के म्हणजे ८०० निट. स्क्रीनचा स्वतःचा उजेड ५०० निट धरला, तर पांढरा भाग १३०० आणि काळा भाग ८००. फरक जेमतेम दीडपट! फटवाल्या स्क्रीनवर तर २९०० विरुद्ध २४००. मग टिंब कसा दिसणार? तेच गडद शर्ट घातला, तर परावर्तन ५० निटवर येतं आणि फरक अकरापट होतो. बाबा शेतात कायम पांढराच सदरा घालतात.

अमोलेडमध्ये वेगळी भानगड असते. आतले धातूचे इलेक्ट्रोड आरशासारखे चमकतात. म्हणून वर वर्तुळाकार ध्रुवक लावतात. आत गेलेला प्रकाश परावर्तित होताना उलट फिरतो आणि ध्रुवकातच अडकतो. किंमत म्हणून स्क्रीनचा स्वतःचा निम्मा उजेडही जातो. २०२४ च्या गॅलेक्सी एस २४ अल्ट्राच्या काचेने परावर्तन ७५ टक्क्यांपर्यंत कमी होतं, असा कंपनीचा दावा आहे. पण तो आपल्या बजेटमध्ये नाही!

गच्चीवर पहिला नंबर कुणाचा आला? वॉचमनकाकांचा! २००३ च्या त्या मोबाईलच्या एलसीडीमागे परावर्तक थर आहे. ऊन जितकं जास्त, तितके आकडे ठळक. दुसरा अमोलेड, आणि बाबांचा अर्थातच शेवटून पहिला.

मोबाईल घेताना दुकानातल्या ट्यूबलाइटखाली सगळेच छान दिसतात. तो बाहेर उन्हात आणून बघा. स्क्रीन बंद करून त्यात ट्यूबचं प्रतिबिंब पाहा. एकामागे एक दोन दिसली, तर आत फट आहे असं समजा. उन्हात डार्क मोड बंद ठेवा, कारण काळी स्क्रीन म्हणजे आरसाच. ऑटो ब्राइटनेस चालू ठेवा. बऱ्याच मोबाईलमध्ये जास्तीचा उजेड तेव्हाच मिळतो. मॅट गार्डने प्रतिबिंब पुसट होतं खरं, पण ऊन थेट पडलं की सगळी स्क्रीनच धुरकट होते.

बाबांसाठी लॅमिनेशनवाला साधा एलसीडी मोबाईल घेतला आणि अक्षरं मोठी करून दिली. शिवाय दुकानदारालाही सांगून ठेवलंय, की प्रमाण आकड्यात पाठवू नका, 'अडीच' असं अक्षरात लिहा. सगळ्यात स्वस्त उपाय तोच निघाला!