केशरोपण

केशरोपण : डोक्याच्या मागील व बाजूंच्या भागांतील जिवंत केशपुटके (त्वचेतील ज्या सूक्ष्म पिशव्यांतून केस उगवतात त्या) काढून टक्कल पडलेल्या जागी लावण्याच्या शस्त्रक्रियेस केशरोपण म्हणतात. केशपुटके त्याच व्यक्तीची असल्याने शरीर ती परकी मानून नाकारीत नाही. पुरुषांतील आनुवंशिक टकलावर हा उपाय मुख्यत्वे केला जातो. रोपित केस जन्मभर टिकतात, अशी सर्वसाधारण समजूत आहे. ती बऱ्याच अंशी खरी असली, तरी रोपित केस टिकणे आणि शस्त्रक्रियेने आलेले रूप टिकणे या दोन वेगळ्या गोष्टी होत.

टकलाचे कारण : पुरुषांचे टक्कल कपाळालगत व माथ्यावर पडते, कानांच्या वरून डोक्यामागे जाणारी केसांची पट्टी मात्र बहुधा वार्धक्यातही शिल्लक राहते. पौगंडावस्थेपूर्वी वृषणे गमावलेल्या पुरुषांना असे टक्कल पडत नाही. परंतु त्यांना टेस्टोस्टेरोन दिल्यास आनुवंशिक प्रवृत्ती असलेल्यांत ते पडू लागते, असे जेम्स हॅमिल्टन या अमेरिकन शास्त्रज्ञांनी १९४२ मध्ये दाखवून दिले. टेस्टोस्टेरोनापासून एका एंझाइमामुळे डायहायड्रोटेस्टोस्टेरोन तयार होते. माथ्यावरील केशपुटके त्यास संवेदनशील असल्याने प्रत्येक वाढचक्रागणिक लहान होत जातात व अखेरीस जाड केसाच्या जागी बारीक लव उरते. ही क्रिया अनेक दशके चालू राहते.

इतिहास : जपानमधील शोजी ओकुदा यांनी केसाळ त्वचेच्या लहान गोल तुकड्यांचे रोपण १९३९ मध्ये वर्णिले होते, पण दुसऱ्या महायुद्धामुळे ते पाश्चात्त्य देशांत अज्ञात राहिले. न्यूयॉर्क येथील त्वचारोगतज्ञ नॉर्मन ओरेंट्राइख यांनी १९५२ मध्ये आनुवंशिक टकलावर अशी शस्त्रक्रिया केली व १९५९ मध्ये आपले निष्कर्ष प्रसिद्ध केले. केसाळ भागातील त्वचेचे तुकडे टकलाच्या जागी आणि टकलातील तुकडे केसाळ भागात लावले असता, पहिल्यांत केस वाढत राहिले व दुसऱ्यांत टक्कल कायम राहिले. म्हणजेच केशपुटक आपला मूळ स्वभाव नव्या जागीही सोडत नाही. या तत्त्वास दातृप्रभुत्व म्हणतात. रोपित केसांच्या टिकाऊपणाचा आधार हाच होय.

तंत्र : प्रारंभी सु. ४ मिमी. व्यासाचे तुकडे लावीत. त्यांतील केस बाहुलीच्या केसांप्रमाणे झुबक्यांनी उगवलेले दिसत. केस निसर्गतःच १ ते ४ च्या गटांनी वाढतात, हे ध्यानात आल्यावर १९९० नंतर असे गट सूक्ष्मदर्शकाखाली वेगळे करून लावण्याची पद्धत रूढ झाली. पुढे त्वचेची सलग पट्टी न कापता एकेक गट सु. १ मिमी. व्यासाच्या पोकळ पात्याने काढण्यात येऊ लागला. रोपणानंतर काही आठवड्यांत बहुतेक केस गळतात; पण केशपुटके विश्रांत अवस्थेत जिवंत असतात. सु. ३ ते ४ महिन्यांनी नवे केस दिसू लागतात आणि पूर्ण परिणाम दिसण्यास एक वर्ष किंवा त्याहून अधिक काळ लागतो.

वयाचा परिणाम : रोपित केसांभोवतीच्या मूळच्या केसांना रोपणाने कोणतेही संरक्षण मिळत नाही. पंचविशीत कपाळालगत दाट रोपण केलेल्या पुरुषाचे मागील केस पुढील वीस वर्षांत गळाले, तर पुढे केसांची पट्टी व तिच्यामागे उघडा माथा असे विसंगत रूप दिसते.

दुसरी मर्यादा दाता क्षेत्राची (ज्या भागातून केशपुटके काढतात त्याची) आहे. काहींमध्ये टकलाची कड वयाबरोबर खाली सरकते व मानेकडील केसही विरळ होतात. त्यामुळे सुरक्षित पट्टी तरुणपणी वाटते तिच्याहून पुष्कळदा अरुंद असते. कॅनडातील वॉल्टर उंगर यांनी वृद्ध पुरुषांच्या पाहणीवरून १९९४ मध्ये तिच्या सीमा सुचविल्या. सीमेबाहेरील केस लावल्यास दातृप्रभुत्वाच्याच नियमाने ते नव्या जागी गळतात आणि दाता क्षेत्रातील व्रणही उघडे पडतात. ज्यांचे डोक्यामागील केसही सर्वत्र विरळ होत आहेत, त्यांना ही शस्त्रक्रिया सहसा योग्य ठरत नाही.

याशिवाय वार्धक्यात सर्वच केस कमी-अधिक बारीक व विरळ होतात आणि पिकतात. रोपित केसही त्यास अपवाद नाहीत. शस्त्रक्रियेनंतर चार वर्षांनी केलेल्या एका भारतीय पाहणीत बहुसंख्य रुग्णांच्या रोपित केसांची दाटी कमी झालेली आढळली. यावरून ग्राही त्वचेचाही केसांवर काही प्रभाव पडत असावा, असे मानण्यास जागा आहे.

नियोजन : काढलेल्या केशपुटकाच्या जागी नवे निर्माण होत नाही. त्यामुळे दाता क्षेत्रातील साठा मर्यादित असून तो आयुष्यभर पुरवावा लागतो. म्हणून विशीतील रुग्णाच्या बाबतीत घाई न करता कुटुंबातील टकलाचा इतिहास पाहणे, कपाळावरील केशरेषा प्रौढ वयास शोभेल इतकी उंच ठेवणे आणि पुढील शस्त्रक्रियेसाठी साठा राखणे इष्ट असते. मूळचे केस टिकविण्यासाठी मिनॉक्सिडिलाचा लेप व फिनॅस्टेराइड हे पोटात घ्यावयाचे औषध वापरतात. अमेरिकेत टकलासाठी त्यांना अनुक्रमे १९८८ व १९९७ मध्ये मान्यता मिळाली. त्यांचा लाभ उपचार चालू असेपर्यंतच राहतो. फिनॅस्टेराइडामुळे काही पुरुषांत लैंगिक तक्रारी उद्भवतात. म्हणून ते वैद्यकीय सल्ल्यानेच घ्यावे लागते. योग्य क्षेत्रातून घेतलेले केस अनेक दशके वाढत राहू शकतात. मात्र त्यांनी चेहऱ्यास आलेली शोभा टिकणे हे रुग्णाचे उतारवयातील टक्कल किती पसरेल, याच्या पूर्वअंदाजावर अवलंबून असते.