फाटलेले आमिष पुन्हा साच्यात

ओहायोतील ॲक्रनच्या निक क्रीम यांनी 1949 मध्ये प्लास्टिकचा गांडूळ बनवला, तेव्हापासून मऊ आमिषे घरी ओतणारे गळकरी आहेतच. पैसे वाचतात, हे त्यांचे नेहमीचे समर्थन मला लंगडे वाटते. साचे, रंग, थर्मामीटर यांतच बचत खर्ची पडते. खरे कारण या आमिषांच्या पदार्थात आहे. पीव्हीसीची बारीक भुकटी तेलकट प्लास्टिसायझरमध्ये कालवली की दुधाळ प्लास्टिसॉल तयार होते. तापवताना ते आधी गोळा होते, मग सुमारे 175 अंश सेल्सिअसला पाकासारखे पारदर्शक होऊन वाहू लागते. निवल्यावर लवचीक राहते आणि महत्त्वाचे म्हणजे पुन्हा वितळते. म्हणून माशाने शेपूट तोडलेले आमिष तळ्यात फेकायला काहीही सबब उरत नाही. ते तिथे कुजत नाही, उलट माशांच्या पोटात जाऊ शकते.

घरी असे वितळवण्यात धोका आहे, हा आक्षेप रास्त आहे. प्रमाणाबाहेर तापले की द्रव पिवळा पडून करपतो आणि त्यातून हायड्रोजन क्लोराइड सुटतो. साच्यात ओल असेल तर वाफेने द्रव उसळून हात भाजतो. काम उघड्या हवेत, चष्मा-हातमोजे घालून, कोरड्या साच्यात करावे. स्वयंपाकाचे भांडे किंवा मायक्रोवेव्ह त्यासाठी कदापि वापरू नये. तुकडे मिसळून रंग मळतो, अशीही तक्रार असते. पण गढूळ पाण्यात गडद आकृतीच उठून दिसते. वारंवार तापवून माल कडक झाला, तर थोडे ताजे प्लास्टिसॉल मिसळावे.