लेझर
एकट्या नाविकाने चालवावयाची शिडाची छोटी शर्यती नौका. कॅनडाचे ब्रूस कर्बी यांनी १९६९ मध्ये दूरध्वनीवर बोलताबोलता तिचे पहिले रेखाटन केले. लांबी सु. ४·२ मी., सांगाड्याचे वजन सु. ५९ किग्रॅ.; म्हणून ती मोटारीच्या टपावरूनही नेता येते. ताणदोर नसलेल्या दुखंडी डोलकाठीवर ७·०६ चौ. मी.चे एकच शीड खोळीसारखे चढवितात. सर्व नौका काटेकोरपणे एकसारख्या असल्याने शर्यतीत पैशापेक्षा कौशल्य निर्णायक ठरते. लोकप्रियतेचे मर्म बहुधा हेच. समानता मात्र नाविकाच्या वजनापाशी थांबते. सोसाट्याच्या वाऱ्यात पाय पट्ट्यात अडकवून शरीर काठाबाहेर झोकावे लागते व हलका नाविक मागे पडतो. त्याच्यासाठी ५·७६ चौ. मी. शिडाचा रेडियल हा प्रकार निघाला. ऑलिंपिकमध्ये लेझरचा समावेश १९९६ साली, तर महिलांच्या रेडियलचा २००८ साली झाला. २०२४ च्या पॅरिस ऑलिंपिकमध्ये त्यांची नावे अनुक्रमे इल्का ७ व इल्का ६ अशी होती.