शेवटची तारीख आणि विचारायचे राहिलेले प्रश्न

लक्ष्मीपूजनाच्या संध्याकाळी अनेक पेढ्यांवर आजही नवी वही पूजेला मांडतात. पहिल्या पानावर ‘श्री’ लिहितात, हळदकुंकू वाहतात आणि पाडव्यापासून नवी कीर्द सुरू झाली असे मानतात. ही वही आता बहुतेक ठिकाणी पूजेपुरती उरली आहे. खरा हिशेब संगणकात असतो आणि तो ३१ मार्चला मिटतो. पण दिवाळी ते दिवाळी हे वर्ष एके काळी प्राप्तिकर कायद्यालाही मान्य होते. व्यापाऱ्याने आपल्या रिवाजाप्रमाणे हिशेबाचे वर्ष निवडावे, अशी मुभा होती. कुणाचे वर्ष दिवाळीचे, कुणाचे जानेवारी ते डिसेंबर, कुणाचे एप्रिल ते मार्च. १९८७च्या दुरुस्ती कायद्याने ही मुभा काढून घेतली आणि कर निर्धारण वर्ष १९८९-९० पासून सर्वांना एकच वर्ष लागू झाले: १ एप्रिल ते ३१ मार्च.

ही सुधारणा गरजेचीच होती. वेगवेगळ्या उत्पन्नांना वेगवेगळी वर्षे लावून कर पुढे ढकलण्याची वाट तिने बंद केली. मात्र तिचा आणखी एक परिणाम झाला, त्याची चर्चा फारशी होत नाही. वह्या मिटवण्याचे आणि तपासण्याचे काम पूर्वी वर्षात विखुरलेले होते, ते एका टोकाला गोळा झाले. कर सल्लागार ज्याला ‘सीझन’ म्हणतात, त्याची आजची धार त्यातून आली. शेतीचा हंगाम पावसावर ठरतो. हा हंगाम मात्र माणसांनी तारखा लिहून तयार केलेला आहे. म्हणून त्यात नेमके काय चिरडले जाते, हे पाहायला हवे.

सहा आठवड्यांचे वर्ष

पगारदार करदात्यांसाठी विवरणपत्राची नेहमीची अंतिम तारीख ३१ जुलै असते. वर्ष ३१ मार्चला संपते, तेव्हा हातात चार महिने आहेत असे वाटते. प्रत्यक्षात कंपन्या आणि बँका यांनी शेवटच्या तिमाहीच्या करकपातीचे विवरण भरण्याची मुदत ३१ मे असते. ते भरले गेल्यावरच कापलेला कर करदात्याच्या नावावर नीट दिसू लागतो. नोकरदाराला फॉर्म १६ देण्याची मुदत १५ जून. म्हणजे एप्रिल आणि मे हे महिने कागदावरच असतात. खरे काम जूनच्या मध्यावर सुरू होते आणि साडेसहा आठवड्यांत संपवावे लागते. त्यातच दर महिन्याच्या ७ तारखेला करकपातीचा भरणा, ११ आणि २० तारखेला जीएसटीची विवरणे, १५ जूनला आगाऊ कराचा पहिला हप्ता. एका तारखेच्या पोटात दुसरी तारीख.

२०२४ साली ३१ जुलैपर्यंत ७.२८ कोटींहून अधिक विवरणपत्रे भरली गेली. त्यांपैकी ६९.९२ लाख एकट्या शेवटच्या दिवशी आली, म्हणजे जवळजवळ दर दहातले एक. त्या संध्याकाळी सात ते आठ या एका तासात ५.०७ लाख विवरणपत्रे दाखल झाली. ‘आपल्या लोकांना शेवटच्या क्षणीच जाग येते’ हे आपले ठरलेले स्पष्टीकरण. ते खोटे नाही, पण अपुरे आहे. ज्याचा फॉर्म १६ जूनच्या अखेरीस हाती आला आणि ज्याच्या बँकेने आकडे उशिरा दुरुस्त केले, त्याला लवकर जाग येऊन काय उपयोग?

आकडे भरणे आणि प्रश्न विचारणे

हे काम करणारे लोक एका जातीचे नाहीत. सनदी लेखापाल आहेत, त्यांच्याकडे आर्टिकलशिप करणारी विशीतली मुले-मुली आहेत, कायद्याने मान्य केलेले कर सल्लागार आहेत. २००६ साली सरकारने पदवीधर तरुणांना प्रशिक्षण देऊन ‘टॅक्स रिटर्न प्रिपेअरर’ नावाची योजनाही सुरू केली. तालुक्याच्या गावी तर झेरॉक्सच्या दुकानातही ‘येथे रिटर्न भरून मिळेल’ अशी पाटी दिसते.

यातल्या प्रत्येकाकडे आज जे पोर्टल उघडते, त्यात बरेच आकडे आधीच भरलेले असतात. पगार, व्याज, लाभांश, शेअरची विक्री, सगळे वार्षिक माहितीपत्रकात, म्हणजे एआयएसमध्ये, येऊन बसते. त्यामुळे करदात्याला वाटते, की आता सल्लागाराला काम उरले आहे ते बटण दाबण्याचे. खरे काम मात्र आकड्यांच्या मागे असते आणि ते प्रश्न विचारण्याचे आहे.

चाकणच्या कारखान्यात काम करणाऱ्या एका अभियंत्याचे उदाहरण कल्पू. २०२४-२५ मध्ये त्याने सप्टेंबरअखेर नोकरी बदलली. दोन्हीकडे सहा महिन्यांचा पगार सहा-सहा लाख. पहिल्या पगाराचा आकडा त्याने दुसऱ्या कंपनीला कळवलाच नाही. तिने स्वतःचे सहा लाख पाहिले, ७५,००० रुपयांची प्रमाणित वजावट दिली, ५.२५ लाख उरले. नव्या प्रणालीत त्या वर्षी ७ लाखांपर्यंत करात पूर्ण सवलत होती, म्हणून कर शून्य. पण करदाता एकच आहे आणि वजावटही एकदाच मिळते. बारा लाखांतून ७५,००० गेले, की ११.२५ लाख उरतात; त्यावर कर ६८,७५० आणि चार टक्के उपकर धरून ७१,५०० रुपये. पहिल्या कंपनीने वर्षाचा अंदाज बांधून त्यातला निम्मा कापला असला, तरी ३५,७५० रुपये आणि वर व्याज भरायचे राहते.

ही बातमी त्याला कंपनी देत नाही, सरकारही लगेच देत नाही. ती द्यावी लागते समोर बसलेल्या सल्लागाराला. ‘मागच्या वर्षी तर रिफंड आला होता, तुमचंच काहीतरी चुकलंय,’ हे उत्तर त्यानेच ऐकायचे. आणि दुसरा फॉर्म १६ आहे का, हा प्रश्न विचारायचा राहिला, तर पुढे येणारी नोटीसही त्याच्याच टेबलावर येते.

दुसरे उदाहरण निवृत्त शिक्षिकेचे. पेन्शन, टपाल खात्यातली ज्येष्ठ नागरिक बचत योजना, दोन बँकांतल्या ठेवी. ‘आणखी कुठे ठेव आहे का, बाई?’ ‘नाही हो.’ एआयएस उघडले, की तिसरी बँक निघते. ती ठेव यजमानांनी दोघांच्या नावे ठेवलेली, पहिले नाव बाईंचे, म्हणून सगळे व्याज बाईंच्या पॅनवर. हे व्याज नेमके कुणाचे, हे संगणकाला ठरवता येत नाही. त्यासाठी पैसे कुणी घातले, हे विचारावे लागते. आणि नुकत्याच वारलेल्या माणसाबद्दल हे विचारताना घड्याळाकडे पाहून चालत नाही.

मग ओटीपी. विवरणपत्र भरल्यावर ३० दिवसांत त्याची पडताळणी करावी लागते. त्यासाठी आधारला जोडलेल्या मोबाइलवर सहा आकडे येतात. बाई म्हणतात, ‘बँकेने बजावलंय, हा नंबर कुणालाही सांगायचा नाही.’ बाईंचे बरोबर आहे. सल्लागाराचेही बरोबर आहे. या कामातला विश्वास कुठल्याही नियमात लिहिलेला नाही, आणि तो नसेल तर काम एक पाऊलही पुढे सरकत नाही.

वर्ष कोणते, सवलत कोणती

२०२५च्या हंगामात आणखी एका गोंधळाची भर पडली. फेब्रुवारीच्या अर्थसंकल्पात नव्या प्रणालीत १२ लाखांपर्यंत कर नाही, अशी घोषणा झाली होती. लोक जुलैत येऊन म्हणू लागले, ‘आता बारा लाखांपर्यंत माफ आहे ना? मग रिटर्न कशाला?’ ती सवलत २०२५-२६ या आर्थिक वर्षाच्या उत्पन्नाला होती. भरायचे होते २०२४-२५चे विवरणपत्र, जिथे मर्यादा ७ लाख. शिवाय कर शून्य आला, तरी विवरणपत्र भरण्याची जबाबदारी संपतेच असे नाही. आर्थिक वर्ष आणि कर निर्धारण वर्ष ही जोडी वर्षानुवर्षे समजावून सल्लागारांचे घसे बसले. १ एप्रिल २०२६ पासूनच्या नव्या प्राप्तिकर कायद्यात तिच्या जागी ‘कर वर्ष’ हा एकच शब्द आला आहे, ही त्यातल्या त्यात दिलाशाची गोष्ट.

भांडवली नफ्याचे दर २३ जुलै २०२४ रोजी, वर्षाच्या मध्येच बदलले होते. त्यामुळे त्या तारखेआधीची आणि नंतरची विक्री वेगळी दाखवावी लागली, फॉर्म बदलले आणि ते भरण्याची सोय पोर्टलवर उशिरा झाली. मुदत ३१ जुलैवरून १५ सप्टेंबरला गेली. वाढीव मुदत म्हणजे विश्रांती, असे बाहेरून वाटते. आत काम करणाऱ्याला ती हंगाम लांबल्यासारखी लागते. त्या वर्षी गणपती, गौरी, विसर्जन हे सगळे मुदतीच्या आत आले. १५ सप्टेंबर ही आगाऊ कराच्या दुसऱ्या हप्त्याचीही तारीख होती. त्या रात्री उशिरा आणखी एक दिवस वाढला, पण तोवर लोक जागून काम उरकून बसले होते. लेखापरीक्षणाच्या अहवालाची ३० सप्टेंबरची मुदतही ३१ ऑक्टोबरवर गेली. लक्ष्मीपूजन २१ ऑक्टोबरला. म्हणजे ज्यांच्या घरी वहीपूजन, त्यांच्याच वह्या सल्लागाराच्या टेबलावर उघड्या.

उशीर परवडण्यासारखा नाही, हेही खरे. ५ लाखांवर उत्पन्न असणाऱ्याला ५,००० रुपये विलंब शुल्क लागते, व्यवसायातला तोटा पुढच्या वर्षी ओढता येत नाही. २०२३-२४च्या उत्पन्नापासून तर तारीख चुकवणाऱ्या पगारदाराला जुनी करप्रणालीच निवडता येत नाही. घरभाडे, विमा, भविष्य निर्वाह निधी यांच्या सगळ्या वजावटी एका रात्रीत जातात.

न विचारणाऱ्यांचा धंदा

अशा घाईत एक सोपी वाट तयार होते: प्रश्नच विचारायचे नाहीत. राजकीय पक्षाला देणगी, शैक्षणिक कर्जाचे व्याज, घरभाडे, जे सुचेल ते भरायचे, रिफंड काढून द्यायचा आणि त्यात टक्का घ्यायचा. १४ जुलै २०२५ रोजी प्राप्तिकर विभागाने अशा मध्यस्थांविरुद्ध देशभर दीडशे ठिकाणी कारवाई केली. त्याआधीच्या चार महिन्यांत सुमारे ४०,००० करदात्यांनी सुधारित विवरणपत्रे भरून १,०४५ कोटी रुपयांचे खोटे दावे मागे घेतल्याचे विभागाने सांगितले.

या आकड्यांत न दिसणारे नुकसान प्रामाणिक सल्लागाराचे आहे. ‘शेजाऱ्याला चाळीस हजार आले, तुम्ही मला चारच काढून दिलेत,’ असे म्हणून गिऱ्हाईक उठून जाते. भाडेपावती मागणारा माणूस कटकट्या ठरतो, न मागणारा हुशार ठरतो. नोटीस आल्यावर हुशार माणसाचा फोन लागत नाही. विवरणपत्रावर नाव आणि पॅन करदात्याचे असते. उत्तरही त्यालाच द्यावे लागते.

तारखा आपल्या हातात नाहीत. वर्ष पुन्हा दिवाळीला न्यावे, असेही कुणी म्हणणार नाही. पण प्रश्नांना लागणारा वेळ आपण वाचवून देऊ शकतो. आपली सगळी बँक खाती, वर्षातल्या सगळ्या नोकऱ्या, विकलेले शेअर आणि घर, संयुक्त ठेवी, एवढी एका पानाची यादी एप्रिलमध्येच करून ठेवता येते. तिला फॉर्म १६ची वाट पाहावी लागत नाही. आणि सल्लागार निवडताना त्याने मागच्या वर्षी किती रिफंड काढून दिला, हे विचारण्याआधी त्याने आपल्याला किती प्रश्न विचारले, हे आठवून पाहावे. या पाडव्याला नवी वही उघडाल, तेव्हा तिच्या शेवटच्या पानावर ती यादी सुरू करायला हरकत नाही. जुलैच्या अखेरीस कुणाला तरी एक रात्र नीट झोप मिळेल, आणि तुमच्या विवरणपत्रातला एखादा प्रश्न विचारायचा राहणार नाही.