धोतऱ्याचा उतारा

महादेवाला धोतऱ्याचं फळ वाहतात, पण त्याचा प्रसाद कुणी तोंडात टाकत नाही. चुकून बिया पोटात गेल्याच तर घशाला कोरड पडते, डोळ्यांच्या बाहुल्या विस्फारतात, माणूस बरळायला लागतो, घरच्यांनाही ओळखेनासा होतो. मेंदूत असिटाइलकोलिन हे रसायन एका पेशीचा निरोप दुसरीला पोचवतं. धोतऱ्यातली द्रव्यं नेमकी त्याचीच जागा अडवून बसतात. अल्झायमरमध्ये जागा कुणी अडवत नाही, हे रसायन पुरवणाऱ्या पेशीच मरत जातात. टंचाई मात्र त्याच निरोप्याची!

आणि या टंचाईवर उतारा निघाला एका फुलात. युरोपात थंडी सरता सरता बर्फातूनच डोकं वर काढणारं, वीतभर उंचीचं, पांढरंशुभ्र स्नोड्रॉप. १९५०च्या दशकात सोव्हिएत संशोधकांनी त्याच्या एका जातीतून गॅलँटामिन वेगळं काढलं. १९५९ साली बल्गेरियात दिमितर पास्कोव्ह यांनी त्याचं ‘निवालिन’ हे औषध केलं, तेही पोलिओने लुळ्या पडलेल्या स्नायूंसाठी. स्मृतिभ्रंशावर अमेरिकेत त्याला मान्यता मिळाली २००१ मध्ये.

निरोप पोचला की असिटाइलकोलिनचे तुकडे करायला एक एन्झाइम टपलेलंच असतं, सेकंदाला हजारो रेणूंचा फडशा पाडणारं. गॅलँटामिन त्याच्या खोल खाचेत शिरून बसतं. उरलासुरला निरोप्या मग थोडा जास्त वेळ टिकतो.

होमरच्या ‘ओडिसी’त सर्सी ही जादूगारीण खलाशांना मायदेशाचा विसर पाडणारं काहीतरी खाऊ घालते, त्यांचा म्होरक्या ओडिसियस याला वाचवते ती दुधासारख्या फुलाची ‘मोली’ वनस्पती. १९८३ साली दोन मेंदूतज्ज्ञांनी तर्क मांडला, की सर्सीचं विष धोतऱ्याच्या जातीचं असावं आणि मोली म्हणजे स्नोड्रॉप. तर्कच तो, पण रसायनशास्त्र त्याच्या बाजूचं आहे.

पेशींचं मरण मात्र हे औषध थांबवत नाही. काही रुग्णांची लक्षणं काही काळ सावरतात, इतकंच. तरीही वनौषधींच्या गर्दीत हे थोडं नाही. गिंको या वनस्पतीचा केवढा गाजावाजा झाला, पण तीन हजारांवर वृद्धांच्या अमेरिकन चाचणीत, २००८ साली, त्याने स्मृतिभ्रंश टळल्याचं दिसलं नाही.

स्नोड्रॉपचे कंद इवलेसे, पुरणार किती? म्हणून वेल्सच्या डोंगरांवर गॅलँटामिनसाठी डॅफोडिल लावतात. प्रयोगशाळेतही ते बनतं. घरगुती काढ्याचा विचार मात्र करू नये. डॅफोडिलचा कंद थेट कांद्यासारखा दिसतो, आणि कांदा समजून तो खाल्लेल्यांना ओकाऱ्यांनी हैराण केलं आहे.