लाल ठिपका नसलेलं विमान

सध्या माझ्या टेबलावर एक हॉकर हरिकेन उभं आहे. पंखाच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत 169 मिलिमीटर, म्हणजे वीतभरही नाही. खऱ्या विमानाचा पंखविस्तार 12.19 मीटर, त्याला 72 ने भागलं की माझ्या टेबलावरचं माप निघतं. सांधे भरून, घासून झाले आहेत, रंगही चढला आहे. आता काम अडलंय ते साडेपाच मिलिमीटरच्या एका चकतीसाठी.

त्या काळच्या ब्रिटिश लष्करी विमानांवर असायची ती निळ्या, पांढऱ्या आणि लाल वर्तुळांची खूण म्हणजे राउंडेल. बॉक्सवरच्या चित्रात, सिनेमात, संग्रहालयात, सगळीकडे तिच्या मधोमध लाल ठिपका दिसतो. मी करतोय ते विमान 1944 साली इंफाळहून उडत होतं आणि त्याच्यावर तो ठिपका नव्हता. गडद निळ्या वर्तुळात फिकट निळी चकती, बस्स. हा ठिपका का गेला हे कळलं तेव्हापासून मी ब्रह्मदेशाच्या आघाडीवरची विमानंच करायला लागलो.

जपानी विमानांच्या पंखांवर लाल सूर्यबिंब असे. जंगलावरून झाडांच्या शेंड्यांना घासत जाणारं विमान खालच्या तोफचीला दोन-तीन सेकंद दिसतं. तेवढ्यात त्याच्या डोळ्यांना लाल गोळा दिसला की बोट चापावर गेलंच. अमेरिकेने आपल्या विमानांवरच्या ताऱ्यातला लाल ठिपका मे 1942 मध्ये काढून टाकला. भारत आणि ब्रह्मदेशाच्या आघाडीवरच्या ब्रिटिश कमांडनेही पुढे राउंडेलमधला लाल रंग पुसला. मध्ये उरलेलं पांढरं जंगलाच्या हिरव्यावर फार उठून दिसायचं, म्हणून पांढऱ्यात निळा मिसळून ते फिकट केलं गेलं. खूणही लहान होत गेली. 16 इंचांची ती खूण माझ्या मापात साडेपाच मिलिमीटरची होते.

गंमत अशी की ज्या 1:72 या प्रमाणात मी काम करतो, तेही याच प्रश्नाभोवती वाढलं. आकाशातलं विमान आपलं की शत्रूचं? सहा फुटांना एक इंच हे माप ब्रिटनमध्ये 1930 च्या दशकातच छंदिष्टांमध्ये रूढ झालं होतं. 1936 साली फ्रॉग कंपनीने ‘पेंग्विन’ नावाने याच मापाचे प्लॅस्टिकचे संच काढले. ते प्लॅस्टिक सेल्युलोज ॲसिटेटचं होतं आणि वर्षानुवर्षांत वाकडंतिकडं व्हायचं. मग युद्ध आलं. 1942 च्या सुरुवातीला अमेरिकी नौदलाने देशभरच्या शाळांकडून 5 लाख लाकडी विमानं मागवली, सगळी 1:72 ची. मुलं सुतारकामाच्या तासाला लाकूड तासून ती करायची आणि काळ्या रंगाने रंगवायची. काळाच का, तर उंचावरचं विमान प्रकाशासमोर छायेसारखं दिसतं आणि ओळखायचं असतं ते आकारावरून. असं विमान 35 फुटांवर धरलं की खरं विमान अडीच हजार फुटांवर दिसावं तसं दिसतं. सैनिकांना आणि खलाशांना ते क्षणभर दाखवायचं आणि विचारायचं, कोणतं?

युद्ध संपल्यावर हे माप दुकानात आलं. निकोलस कोव्ह या मूळच्या हंगेरियन गृहस्थाने 1939 साली सुरू केलेली एअरफिक्स कंपनी आधी कंगवे वगैरे बनवायची. तिने 1952 मध्ये ‘गोल्डन हाइंड’ हे जहाज दोन शिलिंगांना विकायला काढलं आणि 1953 मध्ये पहिलं स्पिटफायर. पॉलिस्टायरिन वितळवून पोलादी साच्यात दाबायचं की एका फटक्यात सगळे भाग एका चौकटीला जोडलेले बाहेर येतात. या चौकटीला आम्ही स्प्रू म्हणतो. आज पोलंडची आर्मा हॉबी याच मापात हरिकेनचा जो संच काढते, त्यातल्या रिव्हेटच्या ओळी भिंगाखाली मोजता येतात.

हरिकेन करायला घेतलं की पहिल्यांदा लक्षात येतं ते त्याचं जुनेपण. सिडनी कॅमने आराखडा केलेलं हे विमान 6 नोव्हेंबर 1935 ला पहिल्यांदा उडालं. स्पिटफायर अंगभर धातूचं. हरिकेनच्या पाठीच्या भागात पोलादी नळ्यांचा सांगाडा, त्यावर लाकडी पट्ट्या आणि वरून ताणून बसवलेलं, डोप नावाचं रोगण चोपडलेलं कापड. गोळी त्यातून आरपार गेली तर ठिगळ लावून विमान पुन्हा हवेत जायचं. धुळीच्या, चिखलाच्या धावपट्टीवर, कारखान्यापासून हजारो मैल दूर, तंबूत राहणाऱ्या मेकॅनिकला असलंच विमान हवं असतं. एकूण चौदा हजारांवर हरिकेन बनली. ब्रिटनच्या लढाईत शत्रूची सर्वाधिक विमानं हरिकेननेच पाडली, तरी लोकांच्या मनात घर केलं ते स्पिटफायरने. मला हे आजही लागतं.

त्या कापडाची प्लॅस्टिकमध्ये नक्कल करणं ही हरिकेन करणाऱ्याची खरी परीक्षा. बहुतेक संचांत पट्ट्यांच्या मधला भाग खोल खणलेला असतो, उपाशी जनावराच्या बरगड्यांसारखा. खरं कापड ढोलकीच्या पुडीसारखं ताणलेलं असे. तिरप्या उन्हातच खालच्या पट्ट्यांची चाहूल लागायची. म्हणून मी प्रायमरचे दोन-तीन हात देतो, मग बाराशे नंबरचा पॉलिश पेपर पाण्यात भिजवून हलक्या हाताने घासतो, पुन्हा प्रायमर, पुन्हा घासणं. बोटाला जाणवतं पण डोळ्याला जेमतेम दिसतं, इथे थांबायचं. पंखाची मागची कडही अशीच. संचात ती अर्धा मिलिमीटर जाड असते. अर्धा मिलिमीटर म्हणजे काहीच नाही असं वाटतं, पण 72 ने गुणलं की 36 मिलिमीटर होतात आणि एवढ्या जाड कडेचं विमान कोणी पाहिलेलं नाही. म्हणून दोन्ही अर्धे चिकटवण्याआधी आतल्या बाजूने घासून कड पातळ करून घ्यायची. छंदाचा अर्धा वेळ अशा गुणाकारांत जातो.

सुरुवात कॉकपिटपासून होते, कारण धडाचे दोन्ही अर्धे बंद झाले की आत हात जात नाही. हरिकेनच्या कॉकपिटला सलग जमीनच नाही. वैमानिकाचे पाय दोन पन्हळींवर असायचे आणि त्याखाली नळ्या, तारा आणि अंधार. हातातली पेन्सिल पडली तर ती विमानाच्या पोटातच जायची. म्हणून संचात सपाट जमीन असेल तर मी ती कापून टाकतो. नळ्यांना ॲल्युमिनियमचा रंग, वरच्या बाजूंना राखाडी हिरवा. बसायच्या खुर्चीचे पट्टे चॉकलेटवरच्या चांदीतून कापतो. कागदापेक्षा ती बरी, दुमडली की दुमडलेलीच राहते आणि खांद्यावरून सैल पडल्यासारखी दिसते. चाकांच्या खोबणीतल्या पाइपांसाठी जुन्या इयरफोनच्या वायरीतली तांब्याची तार. तिचा एक केस मिलिमीटरचा दहावा भाग असतो, म्हणजे खऱ्या विमानातला सात मिलिमीटरचा पाइप. हरिकेनची चाकं आतल्या बाजूला मुडपून पोटाखालच्या एकाच मोठ्या खोबणीत जातात आणि ती खोबण उघडीच असते. मॉडेल उलटं करून पाहणारा एखादाच असतो, पण ही खोबण रिकामी ठेवली तर मला चैन पडत नाही.

पातळ प्लॅस्टिक सिमेंट ब्रशने सांध्याला नुसतं टेकवलं की आपोआप फटीत ओढलं जातं आणि दोन्ही कडा विरघळवून एक करतं. म्हणजे हा डिंक नव्हे, एका अर्थी वेल्डिंगच. वैमानिकाच्या डोक्यावरच्या पारदर्शक झाकणाला, म्हणजे कॅनोपीला, मात्र ते चुकूनही लावायचं नाही. शाळेत असताना केलेल्या माझ्या पहिल्या विमानाच्या कॅनोपीवर माझ्या अंगठ्याचा ठसा कायमचा वितळून बसला होता. ते विमान मी बरीच वर्षं जपलं, वैमानिक आत धुक्यात बसलेला. पुढे एका जुन्या हौशी काकांनी सांगितलं, ‘अरे, फेविकॉल लाव ना!’ लाकडाचा पांढरा फेविकॉल. सुकल्यावर पारदर्शक होतो, प्लॅस्टिकला खात नाही आणि जास्त झाला तर ओल्या कापडाने पुसता येतो. तेव्हापासून माझ्या सगळ्या कॅनोप्या फेविकॉलवर उभ्या आहेत.

रंगाचं काम आमच्या ठाण्यात जून ते सप्टेंबर जवळपास बंदच ठेवावं लागतं. दमट हवेत कॉम्प्रेसरच्या नळीत पाणी साठतं आणि एअरब्रशमधून रंगाबरोबर थेंब उडतो. त्याहून वाईट म्हणजे वरचा पारदर्शक हात सुकताना दुधाळ होतो आणि महिन्याभराचं काम ताकात बुडवल्यासारखं दिसतं. पाणी धरणारा ट्रॅप लावला तरी मी पावसात नुसते सांधे आणि घासकाम करतो. इंफाळला 1944 च्या पावसाळ्यात ही विमानं उघड्यावर उभी राहायची, त्याच मोसमात मी त्यांची पाठ घासत बसलेला असतो.

वरच्या बाजूला गडद हिरवा आणि मातकट तपकिरी, खाली राखाडी. डबीतला रंग जसाच्या तसा मारला तर इवलंसं विमान काळवंडलेलं दिसतं. लांबची वस्तू हवेमुळे फिकी दिसते, म्हणून लहान मापात रंगही थोडा उजळवून घ्यावा लागतो. नाकाखाली धूळ गाळणाऱ्या व्होक्स फिल्टरची हनुवटी. पंखांतून पुढे आलेल्या 20 मिलिमीटरच्या चार तोफा, कारण हे मार्क 2सी. एक्झॉस्टमागचा धुराचा डाग मी पेस्टल खडूच्या भुकटीने करतो. रंग उडालेल्या जागा फक्त पंखाच्या मुळाशी, जिथे मेकॅनिकचे बूट पडायचे. आजकाल सगळं विमान खरचटवून टाकायची फॅशन आहे. ती मला पटत नाही. कापडावरचा रंग उडाला तर खाली चकाकणारा धातू दिसूच शकत नाही, हे एकदा लक्षात आलं की हात आवरतो.

आता ती चकती. कागदावर छापून आलेली खूण, म्हणजे डिकल, कोमट पाण्यात बुडवायचं, अर्ध्या मिनिटाने ते कागदावरून सरकायला लागतं. खाली गुळगुळीत चकचकीत हात दिलेला असेल तरच हवा अडकत नाही, नाहीतर कडेला चंदेरी धुकं दिसतं. जागा नक्की करायला माझ्यासमोर लॅपटॉपवर काळे-पांढरे फोटो उघडे असतात. माझं काम अडतं ते इथेच. काळ्या-पांढऱ्या फोटोत मधली चकती पांढरी की फिकी निळी, हे शेजारच्या करड्या छटांवरून ताडावं लागतं. एका संध्याकाळी तीन फोटो पाहिले आणि फक्त वर्तुळाची कड कुठे संपते एवढंच ठरलं.

या फोटोंनी मला आणखी एक गोष्ट दाखवली. इंफाळला 1944 च्या फेब्रुवारीत पोचलेल्या भारतीय हवाई दलाच्या क्रमांक 1 स्क्वाड्रनचे प्रमुख होते स्क्वाड्रन लीडर अर्जन सिंग, वय 24. जपान्यांनी इंफाळला वेढा घातला त्या महिन्यांत त्यांची हरिकेन रोज उडत राहिली. या आघाडीचे सरसेनापती माउंटबॅटन यांनी इंफाळलाच येऊन त्यांच्या छातीवर डीएफसी हे शौर्यपदक लावलं. मेहर सिंग यांची क्रमांक 6 स्क्वाड्रन ब्रह्मदेशातल्या आराकानमध्ये कॅमेरे लावलेली हरिकेन जोडीने न्यायची. पुढचा वैमानिक नकाशाशी ताडून पाहणार आणि मागचा आभाळ राखणार. मेहर सिंग यांना डीएसओ हा लष्करी सन्मान मिळाला. पुढे 1976 ते 1978 हवाई दलाचे प्रमुख असलेले मुंबईचे हृषीकेश मुळगावकर याच ब्रह्मदेशाच्या मोहिमेत लढले. पण त्या विमानांवर भारतीय असं काहीच लिहिलेलं नव्हतं. खूण ब्रिटिश, रंग ब्रिटिश, शेपटीजवळ एखादं अक्षर. विमानाकडे कितीही निरखून पाहिलं तरी आत कोण बसलंय ते कळत नाही. शेजारी उभ्या असलेल्या माणसांचे चेहरे फोटोत आले तरच कळतं. दिल्लीला पालमच्या हवाई दल संग्रहालयात हरिकेन उभं आहे. त्याच्यासमोर गेलात तर पाठीवरचं ते कापड जरूर पाहा.

काल रात्री चकती बसवली. फिकी निळी, गडद निळ्यात. डिकल मऊ करणाऱ्या सेटिंग सोल्युशनचा एक थेंब, आणि ती कापडाच्या पट्टीवर वितळून बसेपर्यंत मी श्वास रोखून होतो. आता शेपटीपर्यंत रेडिओची तार लावायची की नाही ते फोटो पाहून ठरवेन; लावायची ठरली तर मेणबत्तीवर स्प्रूचा तुकडा तापवून ओढून काढलेला केसासारखा धागा आहेच.

खाली ठेवायच्या पाटीवर देवनागरीत लिहिलं आहे: हॉकर हरिकेन मार्क 2सी, क्रमांक 1 स्क्वाड्रन, भारतीय हवाई दल, इंफाळ, 1944.